कानीशायच्या गाडीचा क्लच

आमच्या डोंगरातल्या अत-बाशी गावात क्लच कसे जळतात ते मला विचारा. तीस वर्षं मी हेच बघतोय आणि तीस वर्षं माझं डोकं फिरतंय. हिवाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की रात्रीतून त्याची तार गोठते आणि सकाळी मागची चाकं हलत नाहीत, एवढं खरं आहे. पण म्हणून आमच्या लोकांनी हँडब्रेक बारा महिने सोडून दिला. जुलैतसुद्धा त्याला कोणी हात लावत नाही. चढावर थांबायचं तर अर्धा क्लच दाबायचा, थोडी रेस द्यायची आणि गाडी जागच्या जागी लटकवून ठेवायची. त्यात समोरून ओळखीचा आला की संपलंच. तब्येत कशी, आई कशी, पोरं कशी, मेंढ्या किती व्यायल्या, हे विचारल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे आमच्याकडे अपमान. दोन गाड्या ऐन चढावर खिडकीला खिडकी लावून उभ्या, दोघांचे क्लच शिजताहेत, आणि हे शहाणे एकमेकांच्या गायींची चौकशी करताहेत!

मग गाडी ओढत माझ्याकडे आणायची आणि वर तोंड करून सांगायचं, "एस्तेबेस बायके, पार्टच नकली निघाला बघा." बायके म्हणजे थोरला भाऊ. गाडी बिघडली की मी सगळ्यांचा थोरला भाऊ होतो. मी ओरडतो. रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडतो. गावात तोंडाळ म्हणून माझं नाव झालंय ते काही उगाच नाही.

मी कधीच ओरडलो नाही असं गिऱ्हाईक एकच. कानीशाय.

आठ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ती पहिल्यांदा माझ्या लोखंडी कंटेनरसमोर गाडी घेऊन आली. त्यातच माझं गॅरेज आहे. जुनी जर्मन गाडी, रंग उडालेला, पण काचा लख्ख. "बायके, हँडब्रेक लागत नाही. तार बदलून द्या," म्हणाली.

मी हातातला पाना खाली ठेवला. हँडब्रेक दुरुस्त करायला आलेलं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

"कुठल्या गावची गं तू?"

"कोचकोरची. इथं झूराकान आपांची धाकटी सून."

"कोचकोरला हँडब्रेक वापरतात होय?"

"छे! माझे वडील वापरायचे."

वडील ट्रक चालवायचे, सरहद्दीच्या रस्त्यावर. आई लवकर गेली, म्हणून पोरीला शेजारच्या सीटवर बसवून न्यायचे. तेरा-चौदाव्या वर्षी तिच्या हातात चाक दिलं, आणि एक लाकडी पळी स्वतःच्या हातात ठेवली. डावा पाय उगाच क्लचवर विसावला की गुडघ्यावर पळी बसायची. लग्नात त्यांनी तिला दोन घोड्या दिल्या. नवरा कुबात सायबेरियात बर्फ काढायचं यंत्र चालवायला गेला तेव्हा तिनं त्या दोन घोड्या देऊन ही गाडी घेतली आणि घाटातून नारीन शहरापर्यंत सवारी न्यायला लागली. सकाळी एक खेप, दुपारी परत. घरी सत्तरी ओलांडलेली सासू, दोन पोरं, तीन गायी. ते सगळं करून.

रात्री गाडी उभी करायला तिच्याकडे बर्चच्या लाकडाची तिकोनी उटी होती, दोरी बांधलेली. गिअरमध्ये टाकून चाकाखाली ती उटी लावायची, म्हणजे हँडब्रेक गोठायची भीती नाही. आणि घाटात कोणी गाडी थांबवून चौकशा सुरू केल्या की ती आधी हँडब्रेक ओढायची, गिअर काढायची, पाय उचलायची, आणि मग म्हणायची, "हं, आता बोला." मागं बसलेले टर उडवायचे. "कानीशाय, चूल मांडू का? चहाही होऊन जाऊ दे." ती म्हणायची, "मांडा की. क्लच जळला तर जेवणही इथंच करायचंय." सहा वर्षं एकच क्लचप्लेट. सहाव्या शरदात मी तपासून तिला सांगितलं होतं, अजून दोन वर्षं हिच्याकडे बघूही नकोस.

आता मुकाशबद्दल सांगतो. मुकाश म्हणजे कुबातचा थोरला भाऊ, कानीशायचा मोठा दीर, आणि माझा शाळेतला बाकसोबती. त्याला घोड्यातलं कळतं. गाडीतलं काहीही कळत नाही, पण ते त्याला कोणी सांगायचं? गाडी अडली की तो तिला टाच मारतो. स्वतःच्या दोन गाड्या त्यानं अशाच संपवल्या. तिसरी नव्हती, म्हणून भावाच्या घरातली मागायला लागला.

आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. मुकाश तिचे "मोठे भावजी". अकरा वर्षांत तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. बाजारात मुकाश नावाचा एक खाटीक आहे, त्यालासुद्धा ती "भावजींच्या नावाचे खाटीक" म्हणायची. बायका कौतुक करायच्या, वळण असावं तर असं.

त्या शरदानंतरच्या मार्चात नूरोजचा, नव्या वर्षाचा सण शनिवारी आला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गवत वाहणाऱ्या ट्रॅक्टरला बांधून कानीशायची गाडी माझ्या दारात आली. घाटाच्या पहिल्याच वळणावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी पुढं जाईना. पाच सवाऱ्या चिखल तुडवत परत आल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आल्या, बाईनं क्लच जाळला. ट्रॅक्टर पोचायच्या आत गाव पोचलं होतं. सात-आठ बाप्ये खिशात हात घालून माझ्या दारात उभे.

"शेवटी जाळलाच बाईनं," एकजण म्हणाला. "एवढी उटी-बिटी लावायची, उपयोग काय?"

"तुझा मी गेल्या वर्षी दोनदा बदललाय," मी म्हणालो. "तू आधी घरी जा."

मी पेडल दाबून बघितलं. बोटभर मोकळीक होती, जेवढी मीच ठेवली होती. तार ठीक. खाली खड्ड्यात उतरून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर हात फिरवला. कोरडं. तेल गळून प्लेट भिजली असती तर ती आपोआप घसरली असती आणि दोष कोणाचाच नसता. मी खरं तर तेलच शोधत होतो. मग वर आलो, चाकांना उट्या लावल्या, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू करून चौथा गिअर टाकला आणि क्लच सावकाश सोडला. धड क्लच असेल तर इंजिन गचका खाऊन तिथंच बंद पडतं. हिचं मजेत चालत राहिलं. आणि वास आला. सणाला मेंढीचं डोकं आणि खूर जाळावर भाजतात ना, अगदी तोच वास.

कानीशाय दाराशी उभी होती. तिला ते कळायला माझी गरज नव्हती.

गिअरबॉक्स उतरवायला दुपार झाली. प्लेट हातात आली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला अर्ध्या क्लचची खोड असते त्याची प्लेट चपलेच्या तळासारखी झिजते, पार रिबिटं उघडी पडेपर्यंत. हिची जाड होती. रिबिटं खोल, जागच्या जागी. पण वरचा थर कोळशासारखा काळा, काचेसारखा गुळगुळीत, कडांना तडकलेला. प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या लोखंडी चकतीवर, फ्लायव्हीलवर, तापल्याचे निळे डाग. हे सहा वर्षांचं काम नव्हतं. कोणीतरी तास-दोन तासांत, भलतं ओझं ओढत, रेस देऊन देऊन ती भाजून काढली होती. मी मागं जाऊन बघितलं. ट्रेलर ओढायच्या हुकावर ताजे ओरखडे, आणि त्यात अडकलेला चिखल आणि पेंढा.

"काल गाडी कोणाकडे होती?" मी विचारलं.

ती खाली पडलेले पाने पेटीत ठेवायला लागली.

"अगं, ट्रेलर लावला होता हिला! घोड्याचा! कोणी नेली?"

"घरातच होती, बायके."

"घरात म्हणजे कोणाकडे? नाव सांग."

"नाव घेता येत नाही मला."

"मग भावजी तरी म्हण!"

"तेवढं म्हटलं तरी घर फोडणारी मीच ठरते," ती म्हणाली. "मागितली. किल्ली दिली. जपून न्या असंसुद्धा म्हणता आलं नाही, ते शिकवणं झालं असतं."

सणाच्या दिवशी मैदानात कोक-बोरू असतो, बोकडाच्या धडावरून घोडेस्वारांची झटापट. तिथं आपला वळू घोडा मिरवायला मुकाशनं त्याला ट्रेलरमध्ये घातलं आणि त्या बिचाऱ्या गाडीला जुंपलं होतं. वितळत्या बर्फाच्या चिखलात, चढावर! मी त्या दिवशी इतक्या शिव्या दिल्या की पलीकडच्या दुकानदारानं दार लावून घेतलं. कानीशाय ऐकत उभी राहिली, मग उटी उचलून घरी गेली.

सोमवारी सकाळी मुकाश स्वतः आला.

"काय रे एस्तेबेस, मेला नाहीस अजून?"

"तुझ्यासारखे येत राहतात, मरायला फुरसत कुठंय? वळू नेलास ना त्या गाडीनं?"

"नेला. मग काय पाठुंगळीला नेऊ?" तो हसला. "हे बघ, उद्या दुपारी आईकडे बसतोय आम्ही. निवाडा करायला असनकुल आजोबाही येताहेत. तुला बोलावतील. सरळ सांगायचं, बाईच्या पायाचं काम आहे. कुबातशी माझं बोलणं झालंय फोनवर. गाडी आता मी चालवणार. हिनं घरी बसून आईचं बघावं."

"ती गाडी तिच्या बापाच्या घोड्यांची आहे."

"सून आली की तिचे घोडेही घरचेच." त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. जाताना वळला. "बारा वर्षांचे होतो आपण. नदीत वाहत निघाला होतास. मानगूट कोणी धरली होती रे तुझी?"

त्यानंच धरली होती. अख्ख्या गावाला फैलावर घेणारा मी, मूग गिळून गप्प बसलो.

मंगळवारी गेलो. प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतली होती. खोलीत दस्तरखान पसरलेला, त्यावर पाव, बोरसोकच्या तळलेल्या गोळ्यांचा ढीग, सायीची वाटी. झूराकान आपा वरच्या बाजूला, शेजारी असनकुल आजोबा, मग मुकाश, दोन शेजारी आणि त्यांतल्या एकाची बायको. कानीशाय दाराजवळ समोवारपाशी, सगळ्यांचे पेले भरत होती. तिच्याच गाडीचा न्याय, आणि चहा तीच ओतणार.

"बोल एस्तेबेस," आजोबा म्हणाले. "कारागीर तू. कसा जळला?"

मुकाश माझ्याकडे बघत होता. मी खाकरलो.

"जळलाय हे खरं," मी म्हणालो. "कसा, ते... सांगणं अवघड असतं. दोन्ही प्रकारे जळतो. सवयीनंही जळतो, आणि... इतर कशानंही."

एवढंच. माझ्याच तोंडाची मला किळस आली. पिशवी गुडघ्याखाली होती आणि मी ती गुडघ्यानं दाबून धरली होती.

"झालं तर मग," मुकाश म्हणाला. "मी काय वेगळं म्हणत होतो? घाटरस्ता काही बाईमाणसाचं काम नाही. किल्ली आहे माझ्याकडे, ती राहू दे."

कानीशायनं समोवारची तोटी बंद केली. हातातला पेला अर्धाच भरला होता, तो तिनं खाली ठेवला.

"क्लच मुकाशनं जाळला," ती म्हणाली.

भावजी नाही, मोठे नाही, काही नाही. नुसतं मुकाश. शेजारणीनं पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला. आजोबांच्या हातातला बोरसोक तसाच राहिला. मुकाशचा चेहरा लाल झाला.

"माझं नाव घेतलंस? माझ्या आईच्या घरात?"

"तौबा, तौबा," आजोबा म्हणाले. "अकरा वर्षांचं वळण, आणि हे?"

आणि मग सुरू झालं. आजकालच्या सुना. हातात चाक आलं की जीभ सुटते. हिनं वाकून माफी मागावी. माफीनं भागत नाही, कोचकोरला निरोप धाडा. नवरा परदेशी असला की असंच. शेजारी, शेजारीण, आजोबा, सगळे एकदम. क्लच कोणाच्या डोक्यातही उरला नव्हता. एक चांगली गाडी भाजून मारली त्याबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं. तिनं दोन घोड्या देऊन मिळवलेली रोजची खेप जाणार होती, त्याबद्दलही नाही. नाव घेतलं म्हणून मात्र घराला आग लागली होती! ती समोवारजवळ ताठ उभी होती, नजर खाली नव्हती. आणि मी, ज्याच्याजवळ पुरावा होता, तो गुडघ्याखाली लपवून बसलो होतो.

मी पिशवी ओढली, कागद फाडला आणि ती काळी प्लेट दस्तरखानाच्या मधोमध आपटली. सायीची वाटी कलंडली. पाव उलटा पडला, आणि आमच्याकडे पाव उलटा पडणं म्हणजे पाप.

"घ्या!" मी ओरडलो. "आता माझ्यावरही तौबा करा! बघा ती जाडी! सवयीनं जळली असती तर कागदासारखी झाली असती. ही ओझ्यानं जळलीय. हुकात पेंढा आहे अजून. वळू ओढलाय हिनं चिखलातून. मघाशी मी खोटं बोललो. नदीतून काढलं म्हणून खोटं बोललो. मुकाश, नदीतून काढलंस ते मला, हिला नाही!"

पण मुकाश घोड्यांच्या बाजारात मुरलेला, सहज पडणारा नव्हे.

"तूच म्हणतोस ना तास-दोन तासांत जळते?" तो म्हणाला. "मग रविवारी सकाळी घाटात तिनंच जाळली. मी दिली तेव्हा गाडी ठणठणीत होती. कर सिद्ध."

ते मला सिद्ध करता येत नव्हतं. जळलेली प्लेट काही वार सांगत नाही. आजोबा मान हलवायला लागले.

झूराकान आपा तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी आधी उलटलेला पाव उचलून सरळ ठेवला. मग दोन्ही हातांनी प्लेट उचलली, नाकाजवळ नेली आणि हुंगली.

"हा वास शनिवारी संध्याकाळी माझ्या अंगणात होता," त्या म्हणाल्या.

"आई..." मुकाश म्हणाला.

"गप. मी नमाज आटपून उठले होते. मला वाटलं, कोणीतरी मेंढीचं डोकं भाजतंय. म्हटलं, आपल्याकडे तर आज मेंढी कापली नाही. म्हणून बाहेर आले. जाळ कुठंच नव्हता. तू आणलेली हिची गाडी तेवढी उभी होती, आणि तू फाटक ओढून घेत होतास. ही आत गायीखाली बसली होती, धार काढत." त्यांनी प्लेट खाली ठेवली. बोटं काळी झाली होती. "तीन दिवस मी जीभ चावून बसले. पोटचा पोरगा म्हणून. लाज वाटायला हवी ती मला."

शेजारीण समोरच्या पेल्यात बघत होती.

"कानीशाय," आपा म्हणाल्या, "नाव घेतलंसच आहेस ना? मग अर्धवट सोडू नकोस. किल्ली माग त्याच्याकडे. नाव घेऊन माग."

कानीशाय दस्तरखानाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सुनेला दिरासमोर असं उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिनं तळहात पुढं केला. मग म्हणाली, "मुकाश, माझी किल्ली."

त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खिशातून किल्ली काढून प्लेटच्या शेजारी टाकली.

"तिथं नाही," आपा म्हणाल्या. "तिच्या हातात दे."

त्यानं दिली.

नवीन प्लेट मी त्याच आठवड्यात बसवली. जुनी माझ्या कंटेनरमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. लोक विचारतात, ही कशाला ठेवलीस? मी सांगत नाही. आधी ती बोलली, मग मी बोललो, हे मला अजून सलतं, आणि त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांवर जरा कमी ओरडतो.

कानीशायची खेप चालू आहे. मुकाशही बदलला नाही. सण आला की तो तिच्या दारात हजर होतो. ती त्याला वाकून नमस्कार करते, वरच्या जागी बसवते, पहिला पेला त्याला देते, "मोठे भावजी, साय घ्या ना," म्हणते. अगदी पूर्वीसारखं वळण. मग तो, चहा पुरे म्हणून, पेला उपडा ठेवून गाडीचा विषय काढतो, आणि ती म्हणते, "नाही, मुकाश."